डाव्या मांडीची खरवडलेली फांदी

मी एक जुनी मांडी आहे. हसू नका, मित्रांनो. डावी मांडी, प्लॅस्टरची, जांघेपासून गुडघ्यापर्यंत, कातडी बाजूला सारून आतलं सगळं उघडं दाखवणारी. अलेक्झांड्रियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, प्रेतं चिरून शिकवतात त्या दालनात, समुद्राकडच्या खिडकीखाली मी माझ्या उजव्या बहिणीशेजारी उभी असते. खाऱ्या वाऱ्याने माझे पोपडे निघतात, त्याचं मला काही वाटत नाही. मला संताप आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो मी आज बोलून दाखवणार आहे.

आम्हा दोघींना घडवलं येरवांत मास्तरांनी. आर्मेनियन माणूस, अत्तारीनच्या गल्लीत पुतळे आणि चित्रांच्या चौकटी करायचा. बंदरावरचा एक बेवारस हमाल वारला होता, त्याचे पाय टेबलावर उघडून ठेवले होते. मास्तर रोज त्याच्या उशाशी आधी हात जोडायचे आणि मग कामाला बसायचे. तारेला लाल मेण गुंडाळून त्यांनी आमच्या रक्ताच्या नळ्या केल्या. डोळ्यांना दिसलं तेच केलं, पदरचं काही घातलं नाही.

आता नीट ऐका. जांघेतून एक मोठी धमनी मांडीत उतरते. जांघेच्या घडीच्या खाली दोन-तीन बोटांवर, मागून बाहेरच्या अंगाला, तिला एक जाड फाटा फुटतो आणि स्नायूंत खोल शिरतो. ही मांडीची खोल धमनी. मांडीला तीच जेवू घालते, आणि खाली जाणारी मोठी वाट बुजली तर अख्ख्या पायाला तीच जगवते. माझ्या बहिणीत सगळं असंच होतं. माझ्यात नव्हतं. माझी खोल धमनी बरीच वर, जांघेच्या घडीला लागूनच फुटत होती. तिची एक फांदी तर तिला सोडून, आतल्या अंगाला, थेट मोठ्या धमनीच्या पाठीतून निघाली होती. हमालाच्या डाव्या पायात असंच होतं. पुष्कळ माणसांत असं काही ना काही असतं.

विभागाचे प्रमुख होते डॉक्टर बहगत सिरगानी. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तर, एकाच माणसाच्या दोन मांड्या वेगवेगळ्या कशा?"

"ते मला काय विचारता, डॉक्टरसाहेब? त्याला विचारा की," मास्तरांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

"परीक्षेत पोरं ही मांडी दाखवून माझ्याशी हुज्जत घालतील. दुरुस्त करा."

"चुकलेलं दुरुस्त करतात. पाचही बोटं सारखी नसतात, मी काय करू?"

मास्तरांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि निघून गेले. मग महाविद्यालयाच्या रंगाऱ्याने पत्र्याच्या चाकूने माझी ती फांदी खरवडली, वरचा फाटा उपटून खाली बहिणीसारखा चिकटवला आणि वर तेलरंगाचे दोन हात दिले. एका खऱ्या माणसाची खरी मांडी होते मी, मित्रांनो! मला खोटं केलं, आणि त्या दिवसापासून मला 'नमुना' म्हणू लागले.

इथली तोंडी परीक्षा कशी असते सांगते. दालनाबाहेर 'नमुना उत्तरं' छापून विकतात. पोरं ती जिन्यावर बसून, डोलत डोलत पाठ करतात. आत सर माझ्या अंगात झेंड्याची टाचणी खुपसतात. पोराने नमुना उत्तर म्हणायचं, एक शब्द इकडे-तिकडे नाही. अशी पोपटपंची ऐकून माझे कान किटले.

एका वर्षी नुहा नावाची मुलगी आली. तिच्या टेबलावरच्या प्रेतात तिला तीच फांदी दिसली होती, जी माझ्या अंगावरून खरवडली होती. तिने ती सरळ सांगून टाकली.

"सर, माझ्या टेबलावर ती मोठ्या धमनीतून निघते. मागून, आतल्या अंगाने."

"तू सोडवून पाहिलंस की ओरबाडलंस?" सिरगानीसर म्हणाले. पोरं खिदळली. "बेटा, प्रेत फसवू शकतं. नमुना फसवत नाही."

तिला नापास केलं. तिच्यामागे मी उभी होते, रंगाखाली खरं उत्तर घेऊन! मला तोंड असतं तर त्या दिवशी मी सिरगानींना चांगलं फैलावर घेतलं असतं. सप्टेंबरच्या फेरपरीक्षेत नुहाने नमुना उत्तर घडाघडा म्हटलं आणि पहिली आली. डोळ्यांनी पाहिलेलं विसरायचं बक्षीस मिळालं तिला.

पुढे नुहा शल्यचिकित्सक झाली. महाविद्यालयाच्या फाटकाशी शहाताकाकांची उकडलेल्या बाकलीची, वालासारख्या दाण्यांची, गाडी असायची. सगळ्या डॉक्टरांची पोटं त्यांनी भरली होती. "डॉक्टरीणबाई, आज लिंबू जरा जास्त पिळतो, चेहरा फार गोड दिसतोय," असं नुहाला चिडवायचे. सिगारेट आणि साखर, दोन्हींनी त्यांच्या डाव्या पायाची मोठी वाट बुजवली. खोल धमनी तेवढी पाय तगवून होती, आणि आता तिचंही तोंड बुजत चाललं होतं. ते तोंड साफ करायचं काम नुहाकडे आलं. "हिने माझी बाकली खाल्लीय, ही मला दगा द्यायची नाही," असं काका वॉर्डभर सांगत होते.

रक्तवाहिन्यांचं क्ष-किरण चित्र काढलं, पण समोरून. समोरून एक नळी दुसरीच्या मागे लपते, तिरकंही काढावं लागतं. पण कशाला काढतील? तिथे काही नसतंच, असं तर मी सगळ्यांना शिकवलं होतं! नुहाने मोठ्या धमनीच्या मागून बोट फिरवलं आणि ती फांदी तुटली. टेबल रक्ताने भरलं. घाईत चिमटे, घाईत टाके, आणि त्या टाक्यांत खोल धमनीचं तोंड आवळलं गेलं. पाय गार पडला. दोन दिवसांनी तो गुडघ्याच्या वर कापावा लागला.

हे मला कसं कळलं? नुहा दालनात आली तेव्हा कळलं. बरोबर कुबड्यांवर शहाताकाका होते. तिने काहीच लपवलं नव्हतं, सगळं त्यांना सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, दाखव मला. योगायोगाने निवृत्त सिरगानीसरही तिथे होते, चहा पीत.

नुहाने खिशातून सुरी काढली आणि माझ्या आतल्या अंगाचा रंग खरवडायला लागली. पोपडे पडले. खाली लाल मेण लागलेलं तारेचं टोक होतं, मास्तरांनी बसवलेलं, तिथल्या तिथे.

काका वाकून बघत राहिले. "हिच्यात होतं ते माझ्यातही होतं?"

"होतं, काका."

"मग पुसलं कुणी?"

नुहाने सरांकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "परीक्षेत मुलांचा गोंधळ होतो." मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

मित्रांनो, आजही महाविद्यालयाची तपासणी आली की कारकून रंगाऱ्याला घेऊन येतो आणि माझा तो ओरखडा बुजवायला सांगतो. नुहा दारात आडवी उभी राहते. ती नसेल त्या दिवशी कोण उभं राहणार? तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, म्हणून विनवते. मला देखणी करू नका. माझं तारेचं टोक उघडं राहू द्या. व्यक्ती तितक्या प्रकृती, असं तुम्हीच म्हणता ना? मग जिच्यावर सुरी धरणार तिच्या मांडीत आधी बघा, समोरून बघा, तिरकं बघा. माझ्याकडे नंतर बघितलंत तरी चालेल. शहाताकाका आता गाडीवर उभे राहत नाहीत, स्टुलावर बसून बाकली वाढतात, आणि नुहाच्या बाकलीवर लिंबू पिळताना तिच्या गोड चेहऱ्याची थट्टा करत नाहीत.