चढावर येणारा देव

कर्सांगच्या अंगात हल्ली देव यायचा तो नेमका चढावर.

सपाटीला देवाचं नाव नाही. पण वाट उभी झाली, म्हाताऱ्याला धाप लागली, की गळ्यातली घुंगरांची माळ थरथरे, डोक्यावरची मोरपिसं डुलत आणि "आलाऽऽ" म्हणत कर्सांग जवळचा दगड बघून बसकण मारी. देव आला म्हणजे यात्रेला निघालेल्या अख्ख्या जथ्याने थांबलंच पाहिजे. मग कुणी घरच्या दारूची, राक्सीची वाटी पुढे करी, कुणी उकडलेलं अंडं. देवाला दोन्ही चालत.

श्रावणी पौर्णिमेला उंच डोंगरातल्या गोसाईंकुंडावर जाऊन ढोलाचा दांडा पाण्यात बुडवायचा, हा गावच्या झांक्रीचा मान. अंगात देव घेणारा, भूतबाधा उतरवणारा तो झांक्री. आणि ज्याच्या हातून दांडा बुडेल तोच वर्षभर गावचा झांक्री. कर्सांगचे केस काळे होते तेव्हापासून तो हात त्याचाच होता.

खरा देव मात्र कित्येक वर्षांत त्याच्याकडे फिरकला नव्हता. ही गोष्ट आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, अशी बिचाऱ्याची समजूत होती. म्हणून तर ढोल सोडवत नव्हता. देव गेलाच होता, ढोलही गेला तर उरणार काय? बटाट्याच्या शेतात काडीचा उपयोग नसलेला एक म्हातारा. या विचाराने त्याला चढापेक्षा जास्त धाप लागे.

"आबा, ढोल द्या इकडे," लेक म्हेंदो म्हणाली. सगळे मंत्र ती त्याच्याकडूनच शिकली होती आणि आता त्याच्याहून सुरेख म्हणत होती, हेच त्याचं दुखणं. "नुसता पाठीवर घेते."

"माझी पाठ अजून मेली नाही."

बायको चिनीमाया मागून टोपली घेऊन येत होती. तिने टोपलीतली अंडी मोजली. त्यापेक्षा ती बोलली असती तर परवडलं असतं.

लौरीबिनाचा मुक्काम सोडून वर चढताना देव तासाभरात तिसऱ्यांदा आला. पण देवाला तरी कुठे विश्रांती? लगेच माणसांची रांग लागली.

"देवा, माझी चौरी गाय कुठे गेली?" जथ्यातल्या फुर्बाने विचारलं.

"उत्त... उत्तरेला," देव धापा टाकत म्हणाला.

"गेल्या वर्षीपण उत्तरेलाच सांगितलंस."

"चालतेय ना... ती अजून!"

लोकांनी हात जोडले. कर्सांग उठला, चार पावलं चालला. पाचव्याला ढोलासकट आडवा झाला. उठला, हसला, पुन्हा बसला. ओठ पांढरे पडले होते. म्हेंदो धावली, तर त्याने ढोल पोटाशी घट्ट धरला.

तेवढ्यात मागे टोपली आदळली. चिनीमाया घुमत होती.

"आलाऽऽ!"

उभ्या जन्मात तिच्या अंगात साधी कणकणसुद्धा आली नव्हती. जथा जागच्या जागी गुडघ्यावर बसला.

"ढोल लेकीच्या हाती जाईल!" देव तिच्या तोंडून गरजला. "आणि म्हाताऱ्याला मागून येणाऱ्या त्या बटाटेवाल्याच्या खेचरावर बसवा!"

कर्सांग सरपटत तिच्या कानाशी गेला. "अगं, देव पायांतून वर चढतो. तू डोक्यापासून सुरुवात केलीस!"

चिनीमायाने डोळे मिटलेलेच ठेवले. "तुमचा तरी कुठे पायांतून येतो? दम लागला की येतो."

हिला ठाऊक होतं तर! आणि इतकी वर्षं ही मुकाट्याने अंडी उकडत होती!

"दाजू," फुर्बा थोरल्या भावाशी बोलावं तशा अदबीने म्हणाला, "तुम्ही जाणते. हा देव खरा आहे ना?"

खोटा म्हणावं, तर खोटा कसा ओळखला तेही सांगणं आलं. कर्सांगने बायकोकडे पाहिलं. ती घुमत होती आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते मात्र सोंग नव्हतं.

"खरा आहे," तो म्हणाला आणि त्याने ढोल म्हेंदोच्या हातात दिला.

कुंडावर धुकं होतं. म्हेंदो गुडघाभर पाण्यात उतरली, दांडा बुडवला आणि ढोलावर पहिली थाप दिली. काठावरच्या दगडावर कर्सांग रिकाम्या हातांनी बसला होता. आता झांक्री ती. त्याला रडू येईल असं वाटलं, आलं भलतंच. त्याच्या तळपायांना कंप सुटला.

"पुरे आता," चिनीमाया हळूच म्हणाली. "चढ संपला."

त्याला सांगायचं होतं, पण जीभ हलेना. कंप पोटऱ्यांत आला, गुडघ्यांत आला, मांड्यांत चढला. त्याने पाय दोन्ही हातांनी दाबून धरले, तर हातही थरथरू लागले.

फुर्बा लगबगीने पुढे आला. "देवा, माझी चौरी..."

"गप रे!" चिनीमायाने त्याला मागे ढकललं. ती कर्सांगच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने टोपलीतलं उरलेलं अंडं काढलं, पदराला पुसलं आणि गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.