पत्रे खाणारा चेअरमन

शिमग्याच्या थट्टेचा राग मानायचा नसतो म्हणतात. मानणाऱ्यांना हे कोण सांगणार? लातूरचा गुरुपादप्पा दर शिमग्याला लाकडी ठोकळ्यावर एक वात्रट चित्र कोरायचा, घरीच छापायचा आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या भिंतींवर चिकटवून यायचा. लोक पोट धरून हसायचे. कुणाचं चित्र, ते मात्र मोठ्यानं म्हणायचे नाहीत.

भूकंपानंतरच्या शिमग्याला त्यानं हणमंतराव चेअरमनला कोरलं. बेघरांच्या शेडसाठी आलेले पत्रे ह्या बहाद्दरानं स्वतःच्या गोदामावर चढवले होते. चित्रात चेअरमन पाटावर बसून पत्रे मोडून खातोय, आणि खाली ओळ: 'उघड्यावरच्यांनो, थांबा. साहेबांचं जेवण होऊ द्या.' दुपारच्या आत चेअरमनच्या माणसांनी सगळी चित्रं फाडली, ठोकळा चुलीत घातला, गुरुपादप्पाचं थोबाड सुजवलं. शेजाऱ्यांनी काय केलं? दारं लावून घेतली. गादीखालची एक प्रत तेवढी वाचली.

पंचवीस वर्षं गेली. चेअरमन वारला. गोदामाच्या जागी त्याच्या लेकानं, अंबरीशनं, कोचिंग क्लासची चार मजली इमारत उठवली. एक दिवस तो स्वतः गुरुपादप्पाच्या दारात आला आणि ती प्रत मागितली. दर्शनी भिंतीवर लावतो म्हणाला, रोज दोन हजार पोरं बघतील. म्हाताऱ्याला भरून आलं. पोरगं बापाचं पाप फेडायला आलंय, असं त्याला वाटलं. लोकांनी ती ओळ वाचावी आणि थू म्हणावं, एवढ्यासाठीच तर इतकी वर्षं जीव जळत होता. त्यानं एक रुपयाही घेतला नाही.

पंधरा दिवसांनी तो बघायला गेला. चित्र काचेत, वर झगझगीत दिवा. खालची ओळ मात्र चौकटीच्या पांढऱ्या पुठ्ठ्याखाली गडप, आणि भिंतीवर पितळी पाटी: 'दुर्मिळ लोककला'. देवणीहून ॲडमिशनला आलेल्या एका बाईला ते पत्रे म्हणजे पोळ्या वाटल्या. "पाया पड," ती लेकाला म्हणाली, "जुने गुरुजी हायत, बघ कसं साधं जेवायलेत." लेक पाया पडला.

गुरुपादप्पाचं टाळकंच सरकलं. तो तडक अंबरीशच्या केबिनमध्ये शिरला.

"ओळ का झाकली? तो तुझा बाप हाय, गरिबाचे पत्रे खायलाय."

"ठाऊक हाय की, आप्पा." अंबरीशनं आधी चहा सांगितला. "बाबा भोळे. फाडत बसले. काच लावून टांगलं असतं, तर तेव्हाच कुणी वाचलं नसतं."

चहा न घेताच म्हातारा बाहेर आला. चित्राखाली उभा राहिला, आणि झाकलेली ओळ खणखणीत आवाजात म्हणाला. कुणी बघेना म्हणून पुन्हा म्हणाला, चेअरमनचं नाव घेऊन, पत्र्यांसकट सगळं सांगून. बाकावरचे पालक वैतागून वळले. देवणीच्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, आजोबा. आत पोरांची टेस्ट चालू हाय."