मी देव्हारा नाही

मी एक जुनी लाकडी चित्रपेटी आहे. मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकते, कारण इथे बालाघाट शहरात मला कुणी विचारतच नाही. येतात आणि थेट हात जोडतात.

माझा जन्म जपानमधला. पुढून दोन झडपा, बाजूला एक फट. फटीतून चित्रांचे पुठ्ठे आत सरकवायचे. एक ओढला की मागचे चित्र दिसते आणि गोष्ट पुढे जाते. मुलांसाठी लिहिणाऱ्या सुमीएबाईंची मी पेटी. चाळीस वर्षे त्यांनी मला सायकलीला बांधून गावोगाव फिरवले. पोरे तोंड उघडे टाकून माझ्यापुढे बसत. तेच माझे वैभव.

इथल्या शाळेतल्या आशालताबाई त्यांच्या पत्रमैत्रीण. इंग्रजी दोघींचेही मोडके, म्हणून मैत्री टिकली. एकदा आम्ही इकडे आलोही, आणि भरवेलीला खाणकामगारांच्या पोरांना गोष्ट दाखवली. सुमीएबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या भाच्याने मला इथेच धाडले. माझ्या पोटात बारा पुठ्ठे होते, बाईंची शेवटची गोष्ट, कुणीच न पाहिलेली.

आशालताबाईंनी घराची पुढची खोली रिकामी केली, भिंतींवर मैत्रिणीची पत्रे लावली, दारावर 'स्मृती-संग्रहालय' अशी पाटी ठोकली. पुठ्ठ्यांमागचा मजकूर जपानी. 'वाचून देणारं कुणी भेटलं की दाखवू,' असे म्हणत त्यांनी पुठ्ठे तसेच ठेवले आणि पुढ्यात मैत्रिणीचा फोटो उभा केला.

तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी मला कुंकू!

"शेवंताबाई, हे काय?"

"मंग का करू, मॅडम?" झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "दोन्हीकून दारं, मंधात फोटो. देव्हारा नाही तं का कपाट हाये?"

आशालताबाई हसल्या आणि कुंकू तसेच राहू दिले. मैत्रिणीला कुणी हात जोडतेय, याचेच त्यांना बरे वाटले असावे. मग उदबत्ती आली, तेलाचा दिवा आला. परसवाड्याचे एक आजोबा नातवाच्या परीक्षेसाठी नवस बोलून गेले. आणि नातू पास झाला! झाले, नारळ सुरू. मी कपाळावर हात मारून घेतला असता; पण मला ना हात, ना कपाळ.

पाच वर्षे तेल झिरपत राहिले. पुठ्ठे एकमेकांना चिकटले. मी फुगले, करकरले, तर शेवंताबाईंनी आणखी एक उदबत्ती लावली.

परवा किरनापूरच्या शाळेतली मुले आली. रांगेने उभी राहिली, डोळे मिटले, नमस्कार केला, संपले. गोष्टी सांगणाऱ्या बाईंच्या खोलीत एकाही पोराला गोष्ट नाही! खुशी नावाच्या मुलीने मात्र डोळे मिटले नव्हते. तिने सरळ फटीत बोट घातले.

"हात नोको लावू, पाप लागंल!" शेवंताबाई ओरडल्या.

"पर अंदर चित्र हाये ना, आजी! फोटोच्या मागं मासोळीची शेपटी दिसून राह्यली."

आशालताबाई पुढे आल्या. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि पहिला पुठ्ठा ओढला. हलेना. खुशीनेही हात लावला. टर्र! कोपरा फाटला, शेपटी माझ्यातच राहिली. आशालताबाईंनी बाहेर आलेला फाटका पुठ्ठा पदराने पुसला.

"माझ्याच हातानं वाट लावली गं तिच्या गोष्टीची."

"राहू द्या ना, मॅडम," खुशी म्हणाली. "बिनशेपटीची मासोळी. मंग पुढं काय झालं?"

पुढे काय झाले! पाच वर्षांनी हा प्रश्न माझ्या कानावर पडला. वाचता कुणालाच येत नव्हते. चित्र पाहून पोरांनीच गोष्ट सांगितली. एक म्हणे मासोळी रुसली, दुसरा म्हणे तिला भूक लागली. शेवंताबाई दारात झाडू धरून उभ्या होत्या, पण चौथ्या पुठ्ठ्याला त्यांना राहवेना. "अरे, तिले पहिले पाण्यात तं टाका!"

मित्रांनो, बारांपैकी नऊ पुठ्ठे निघाले. तीन अजून आत चिकटलेले आहेत, म्हणून शेवट कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही याल तेव्हा हार आणू नका, नारळ आणू नका, तेल तर मुळीच नको. हात धुऊन, कोरडे पुसून या. आणि ओढताना जरा हळू.