डाव्या हाताची भिंत

तिने फोम मारायची गन उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, पाइप डाव्या खांद्यावरून मागे टाकला आणि भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून पाहिला. पिवळसर धार पुठ्ठ्याला चिकटली, क्षणभर तशीच ओली राहिली आणि मग उतू जाणाऱ्या दुधासारखी वर आली. फोम फुगायचा थांबेपर्यंत ती वाकून बघत राहिली. वरचा पापुद्रा गुळगुळीत होता. एक खड्डा नाही, एक बुडबुडा नाही.

बाबांनी मागून तिचा दंड धरला. दोघांच्याही अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरे सूट होते आणि तोंडावर सगळा चेहरा झाकणारे मास्क. बोललेलं ऐकू जाण्यातलं नव्हतं. त्यांनी तिच्या डाव्या हाताकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली. मग हा हात वापर, असं सांगायला स्वतःचा उजवा हात वर केला. तो थरथरायला लागला तसा त्यांनी तो खाली घेऊन मांडीशी दाबून धरला.

तिने दंड सोडवून घेतला आणि भिंतीकडे वळली.

भिंत शीतगृहाची होती, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्या कडेला हात पोचणार नाही एवढी उंच. या फोमवर पत्रा बसणार नव्हता, नुसता पांढरा रंग लागणार होता. म्हणजे फोम जसा फुगेल तसाच तो वर्षानुवर्षं दिसणार. खड्डा राहिला की तिथे ओल धरणार, ओल धरली की बुरशी. जाडी सुईने मोजता येते, पण वरून भिंत कशी दिसते ते मारणाऱ्याच्या हातावरच असतं, आणि त्या बाबतीत बाबांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. म्हणून तर त्यांना सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांचे नियम तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. भिंत कोरडी हवी आणि हाताला गार लागता कामा नये. आधी कडा मारून घ्यायच्या, मग मधला भाग भरायचा. मनगट वळवायचं नाही, अख्ख्या अंगाने सरकायचं. नवा पट्टा जुन्यावर निम्मा चढवायचा. आणि लवकर संपवायच्या हावेने जाड थर मारायचा नाही. आतली उष्णता आतच कोंडते आणि फोम पोटातून करपतो. हे सगळे नियम तिने आजही पाळले. मोडला तो एकच. डावखुऱ्या माणसाने गन उजव्याच हातात धरावी, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते फक्त बाबांनी सांगितलं होतं.

त्याला कारण होतं. उजव्या हाताने मारलेल्या फोमच्या लाटा किंचित एका अंगाला झुकतात, डाव्या हाताच्या दुसऱ्या अंगाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसत नाही, पण ज्याने आयुष्यभर भिंती पाहिल्यात त्याला दिसतं. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप तेवढी वाढली. तेव्हापासून बापलेक दोघं सूट चढवून आत जायचे, गन ती चालवायची, आणि काम संपलं की बाबा आधी बाहेर यायचे. मास्क हातात, कपाळावर घाम. घाम खरा असायचा, सूटमध्ये नुसतं उभं राहिलं तरी येतोच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणायचे.

उजव्या हाताने तिला सगळं जमलं, एक डावीकडचा कोपरा सोडून. तिथे अंग वळायचं नाही, मनगट वळायचं, आणि फोमची गाठ यायची. मग करवत घेऊन ती गाठ कापत बसायचं. दोन वर्षांत तिने कोपऱ्याकोपऱ्यांतून एवढा फोम कापला होता की त्यात आणखी एक शीतगृह उभं राहिलं असतं.

तरी ती हे आणखी दहा वर्षं करत राहिली असती. कालचं निमित्त झालं नसतं तर.

काल समोरची भिंत पुरी झाली होती. साहेब, म्हणजे या कामावरचे इंजिनिअर, दोन पाहुण्यांना घेऊन आले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"वय झालं, पण हात तोच आहे हं, उस्ताद."

"तुमची कृपा, साहेब."

"आणि या कोण?" एका पाहुण्याने विचारलं.

"मुलगी आहे माझी," बाबा म्हणाले. "पाइप धरते."

तिचा उजवा खांदा त्या वेळी असा भरून आला होता की पाण्याची बाटली तोंडाला लावायची तर दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागत होता. बाबांना दुसरं काही सुचलं नसेल, हेही तिला कळत होतं. पण 'मदत करते' एवढं तरी म्हणता आलं असतं. घरी जाताना गाडीत ती डोळे मिटून बसली. बाबांना वाटलं, दमली असेल.

आता पहिला थर पुरा झाला, तो निवेपर्यंत ती थांबली, मग तिने दुसरा चढवला. डावा हात आपला आपण चालत होता. त्याला काही शिकवावं लागलं नाही. डावीकडचा कोपरा आला. ती नेहमीच्या सवयीने दचकली, पण पट्टा कोपऱ्यात शिरला, वळला आणि गाठ न पडता बाहेर आला. ती मास्कमध्ये मोठ्याने हसली.

बाहेर आल्यावर बाबांनी मास्क काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती. शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"...काय केलंस काय हे?"

"भिंत केली."

"साहेबांना कळेल ना!"

"कळू दे."

"अगं, पुढचे सहा हॉल द्यायचेत त्यांना. माझा हात बघून देणार आहेत. हे उलटं वळण बघितलं तर..."

"कुणाचा हात, बाबा?"

फोमचा पंप चालवणारा पंपवाला रसायनाच्या दोन ड्रमांच्या मध्ये बसून एकाग्रपणे झाकण पुसत होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "पंपाचा आवाज फार आहे."

पंप बंद होऊन दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. माणूस कामात चोख होता. त्यांनी दहा ठिकाणी सुई घालून जाडी मोजली, बोटाने ठोकून आवाज ऐकला. मग दिवा भिंतीला अगदी टेकवून आडवा धरला, म्हणजे उंचवटा असला की त्याची सावली पडते. सावली पडली नाही. डावीकडच्या कोपऱ्यापाशी ते वाकले, परत सरळ झाले, आणि मग चार पावलं मागे येऊन त्यांनी कपाळाला आठी घातली.

"उस्ताद, ही भिंत तुमची नाही."

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"वळण उलटं आहे. मुलीला शिकवायला माझीच भिंत सापडली का तुम्हाला?"

"चूक झाली, साहेब," बाबा म्हणाले. "काढून परत करून देतो."

"काय वाईट आहे हिच्यात?" तिने विचारलं.

"ताई, मी उस्तादांशी बोलतोय."

"भिंत मी मारलीय. सुई घातलीत, ठोकून पाहिलंत, दिवा धरलात. कुठे कमी आहे ते दाखवा, मी आत्ता करवत घेते."

"कमी आहे असं नाही," साहेब म्हणाले. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांना सवयही नव्हती कोणी असं विचारण्याची. "पण एका हॉलला एक हात हवा. मी हे काम उस्तादांच्या हाताला दिलंय. समोरची भिंत बघा, आणि ही बघा."

"समोरचीही मीच मारलीय."

"काहीतरीच बोलते," बाबा घाईघाईने म्हणाले. "लक्ष देऊ नका, साहेब. तापट आहे, आईवर गेलीय."

साहेब हसले. पंपवाल्याने परत झाकण पुसायला घेतलं.

ते हसू तिला सोसलं नाही. दोन वर्षं तिने जे तोंडात धरून ठेवलं होतं ते बोलून टाकलं, आणि ते कोणी खरंही मानेना. दाराच्या चौकटीभोवतीची भिंत अजून उघडी होती. चौकट कालच बसली होती. तिने हुकाला टांगलेली गन काढली आणि बाबांच्या पुढे धरली.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? दाराची बाजू राहिलीय. तुम्ही मारा, बाबा. साहेबांना एकदा हात बघू दे."

बाबांनी आधी गनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता ते 'आज बरं नाही' म्हणतील, 'पंप तापलेला नाही' म्हणतील, असं तिला वाटलं. म्हणाले असते तर तिने ऐकून घेतलं असतं. बोलून चुकल्याबरोबरच ती मनात म्हणत होती, म्हणा ना काहीतरी. पण बाबांनी मुकाट्याने सूट चढवला, मास्क लावला आणि गन घेतली. साहेब प्लास्टिकच्या पारदर्शक पडद्यापलीकडे जाऊन उभे राहिले. तिनेही मास्क लावला आणि पाइप धरला.

बाबा भिंतीसमोर उभे राहिले ते अजूनही उस्तादांसारखेच. पाय फाकलेले, खांदे सैल, अंतर नेमकं. त्यांनी ट्रिगर दाबला. पहिली वीतभर धार सरळ गेली. मग मनगट हलायला लागलं. धार खाली-वर नाचली, एका जागी दोनदा बसली, एका जागी बसलीच नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं आणि आणखी एक पट्टा मारला. फोम वर आला तो गाठीगाठींनी. मधल्या खड्ड्यांतून उघडी भिंत दिसत होती.

ट्रिगर त्यांनी स्वतःच सोडला.

पंखे लावले, हवा मोकळी झाली. साहेब पडदा बाजूला सारून आत आले आणि चौकटीशी उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

"दाब कमी पडला असेल, साहेब," पंपवाला पुढे होऊन म्हणाला. "हा पंप कधीकधी असा दगा देतो. माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं."

"दाब ठीक होता," बाबा म्हणाले.

त्यांनी मास्क काखेत धरला होता. केस घामाने कपाळाला चिकटले होते. ते लेकीकडे वळले.

"काप."

"असू दे, बाबा. वरून एक थर देऊन..."

"खराब फोमवर थर? हे शिकवलं मी तुला?"

तिला वाटलं होतं की या क्षणी बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. स्वतःचाच राग आला. पण तिने करवत घेतली. गाठी कापल्या, कडा तासल्या, पत्र्याच्या पट्टीने खरवडून चौकटीभोवतीची भिंत परत उघडी केली. एखाद्या परक्याच्या कामावर चालवली असती तेवढीच सफाईने तिने करवत चालवली. बाबा शेजारी दिवा धरून उभे होते आणि राहिलेलं दाखवत होते.

"वरती. अजून. तो कोपरा."

तुकडे खाली पडत राहिले. मग साहेबांनी समोरच्या भिंतीवरून हात फिरवला, या भिंतीवरून फिरवला.

"म्हणजे गेल्या वर्षीचं ते फुलांचं गोदाम...?"

"तेही तिचंच," बाबा म्हणाले. "उजव्या हाताने. मीच मारायला लावलं."

"आणि ही भिंत?"

"ही काढायची नाही."

"आत्ताच तर काढून देतो म्हणालात."

"म्हणालो होतो." बाबांनी दिवा खाली ठेवला. "आता नाही म्हणतोय."

"उस्ताद, वर मलाही जाब द्यावा लागतो. एका हॉलमध्ये दोन वळणं..."

"मग समोरचीही तासा, साहेब, आणि तीही तिला डाव्या हाताने मारू दे. माझी ना नाही. पण या भिंतीला करवत लागणार नाही."

तिने कपड्याने भिंत पुसली, तळवा टेकवून ओल पाहिली आणि गन उचलली. बाबा सवयीने मास्क चढवायला लागले.

"तुम्ही बाहेर थांबा, बाबा," ती म्हणाली. "आता दोघांचं काय काम आहे?"

ते क्षणभर घुटमळले, मग साहेबांबरोबर पडद्यापलीकडे गेले. पंप सुरू झाला. आत तिने आधी चौकटीच्या कडा मारून घेतल्या आणि मग वरून पहिला आडवा पट्टा धरला. दोन वर्षांत बाबांनी तिचं काम कायम तिच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, चूक होईल या धास्तीने बघितलं होतं. आता पुढे वाकून त्यांनी कपाळ प्लास्टिकला टेकवलं.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

"पुढच्या सहा हॉलचं म्हणाल, उस्ताद, तर मला वाटतं आपण..."

"जरा गप्प बसा, साहेब," बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "बघू द्या."