निरीक्षक गैरहजर

पडद्यावर स्वतःचं नाव दिसताच लवू परब उठून उभे राहिले, हजेरीला राहतात तसे. स्वरदाने हातानेच त्यांना बसायची खूण केली.

पवईच्या त्या संस्थेत एकोणतीस वर्षं ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. रोज सकाळी आठला तलावाच्या धक्क्यावर जायचं, दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. रविवारीसुद्धा, गणपतीतसुद्धा. ते निवृत्त झाले आणि वह्या कपाटात पडून राहिल्या. पीएचडीला आलेल्या स्वरदाने त्या बाहेर काढल्या, वर्षभर बसून सगळे आकडे संगणकात भरले आणि जगातल्या कुणालाही वापरता येतील अशा एका मोठ्या माहितीसाठ्यात ठेवले. त्यावरचा तिचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा लेखक म्हणून तिच्या नावापुढे लवूंचंही नाव होतं. त्यासाठी तिच्या मार्गदर्शक वसुधा मॅडम विभागात भांडल्या होत्या.

आज मॅडमचा एमटेकच्या मुलांसाठी सेमिनार होता. शोधनिबंध कसा छापला जातो, माहिती कशी जपली जाते, असा विषय. म्हणून त्यांनी लवूंना चारकोपहून मुद्दाम बोलावलं होतं.

स्वरदा मुलांना समजावत होती की लेखक म्हणून सही करणारा माणूस त्यातल्या प्रत्येक आकड्याला जबाबदार असतो. त्या आकड्यांवर कुठेतरी दुसरा कुणी काम करतो, त्याच्यावर तिसरा. आतापर्यंत अकरा देशांतल्या लोकांनी ही माहिती वापरली होती.

"दहा हजार पाचशे ब्याण्णव दिवस," ती म्हणाली. "एकही रकाना रिकामा नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या तरी लवू मान खाली घालून बसले होते. मग ते पुन्हा उठले.

"मॅडम, सही केली तेव्हा मला वाटलं, नुसतं नाव छापायला सही लागते. ती अशी असते हे आज कळलं. दोन हजार आठचा ऑगस्ट बघा. सतरा तारखेपासून चौदा दिवस. ते आकडे मी मोजलेले नाहीत."

लवूंनी सावकाश सांगितलं. बायको, जानकी, कांदिवलीच्या एका हॉस्पिटलात होती. ते तिच्याजवळून हलले नाहीत. तेराव्या दिवशी ती गेली. अंत्यसंस्कार आटोपून पंधराव्या दिवशी कामावर आले, वही उघडली तर पानभर रकाने रिकामे. तेव्हाचे सर नेहमी म्हणायचे, एक दिवस चुकला तर सगळं फुकट. ती भीती होतीच. पण त्याहून, ते रिकामं पान त्यांना बघवेना. आधीच्या वर्षीचे आकडे बघून, थोडे इकडचे तिकडे करून, त्यांनी ते भरून टाकलं.

मागून एक मुलगा म्हणाला, एवढ्यातले चौदाच दिवस, सरासरीत फरकसुद्धा पडणार नाही. स्वरदा खुर्चीवर बसली होती. तिच्या निबंधाच्या शीर्षकातच 'अखंड' हा शब्द होता.

वसुधा मॅडम लवूंजवळ आल्या. "दुरुस्ती छापावी लागेल, परब. निबंधावर ती कायमची राहील. तुमचं नाव न घालताही देता येईल."

"नाव घाला, मॅडम. कौतुकाला घातलंत ना?"

दुरुस्ती यायला अडीच महिने लागले. ते चौदा आकडे काढले गेले, शीर्षकातला तो शब्दही गेला. आधी स्वरदा लवूंवर चिडली होती, दोनदा त्यांचा फोनही घेतला नव्हता. पण काम झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन चारकोपला आली. रविवार होता. लवूंचा मुलगा निलेश घरीच होता. चहा ठेवून तोही बघायला बसला.

तिने सांगितलं, माहितीसाठ्याच्या फॉर्ममध्ये माहिती नसण्याचं कारण लिहावं लागतं. दोन हजार आठच्या त्या चौदा दिवसांपुढे तिने लिहिलं होतं, 'निरीक्षक गैरहजर'.

निलेशने ते दोनदा वाचलं. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, चेंबूरला मावशीकडे ठेवलेला. बाबांच्या निरोप समारंभात सर माइकवर म्हणाले होते, या माणसाने एक दिवससुद्धा आकडा चुकवला नाही. टाळ्या वाजत होत्या आणि निलेशने मनातल्या मनात हिशोब केला होता, म्हणजे आई हॉस्पिटलात होती तेव्हाही नाही. त्यानंतर तो बाबांशी कामापुरतंच बोलत आला होता.

"तुम्ही कामावर जात नव्हता तेव्हा?" त्याने विचारलं.

"नाय रे."

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

लवू लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले. आलेखातली निळी रेघ चढत उतरत येत होती आणि ऑगस्टपाशी तुटत होती. थोडी जागा सोडून पुढे पुन्हा सुरू होत होती.

"ह्या मोठा करता येतला?" त्यांनी विचारलं.

स्वरदाने ती जागा मोठी केली. आणखी मोठी केली. रेघेची दोन्ही टोकं कडेला सरकत बाहेर गेली आणि सगळा पडदा पांढरा झाला.

निलेशने खुर्ची ओढली आणि बाबांना लागून बसला.