टाकीच्या तळाचे कॅल्शियम

टोमॅटोच्या झाडाला म्हातारपण कधी येते, ठाऊक आहे का मित्रांनो? दहाव्या महिन्यात. मी तसे एक जुने झाड आहे. काचघरात, दाराजवळच्या ओळीत, सुतळीच्या आधाराने उभे आहे आणि आज मला फार भीती वाटते आहे.

माझे बालपण कपाएवढ्या कुंडीत गेले. मग ताईंनी मला इथे लावले. ताई आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, मिळून हे काचघर चालवतात. मी इतकी फळे दिली की तोडणाऱ्या बायका म्हणायच्या, "हे झाड आहे की दुकान?" खोटे कशाला बोलू, मी फुगून जात असे.

त्या वैभवामागे कॅल्शियम होते. तुमची हाडे त्याच्यामुळे घट्ट, तशा माझ्या पेशींच्या भिंती. शिवाय तेच माझे राखणदार. रोगाचा जीवाणू पानावर उतरला, की कॅल्शियम पेशींत धावत शिरायचे आणि आरोळी ठोकायचे. लगेच पानाची बारीक छिद्रे मिटत आणि चोर बाहेरच राहत असे.

खतांच्या टाक्या दोन होत्या. कॅल्शियमची वेगळी, सल्फेटची वेगळी. एके दिवशी एक टाकी गळू लागली. दादांनी दोन्ही खते एकाच टाकीत ओतली. "शेवटी पोटात जाऊन एकच व्हायचंय ना!" असे म्हणून हसलेही. अहो दादा, पोटात जायच्या आधीच ती एकमेकांना धरून तळाशी बसली!

"दादा, तळाला हे पांढरं काय साचलंय?" ताईंनी विचारले.

"पाण्यातला क्षार असेल. तुला उगाच शंका."

मला पाणी येत राहिले, कॅल्शियम येईना. जुन्या पानांत थोडे होते. पण मित्रांनो, आमच्यात जुन्या पानाला आपले कॅल्शियम नव्या पानाला देता येत नाही. कोवळी पाने तळमळत राहिली आणि मी काहीच करू शकले नाही. जीवाणू आले तेव्हा आरोळी ठोकायला कोणी नव्हते. पानभर काळे ठिपके उठले.

परवा दादांनी टाकीत हात घातला. मूठभर पांढरा गाळ वर आला. "अगं, कॅल्शियम सगळं इथेच बसलंय," ते ताईंना म्हणाले. दुसरी टाकी त्याच दिवशी आली.

ओळीतली बाकीची आजारी झाडे ताईंनी उपटून तिथे नवी रोपे लावली आहेत. मी तेवढे उरले आहे.

"दादा, हेही आजच काढ. रोपांना लागण होईल."

"माझ्यामुळे झालंय गं हे. आता कॅल्शियम मिळतंय, आठ दिवसांत सुधारेल बघ."

आणि दादा मायेने माझ्या पानांवर झारीने पाणी घालतात. दर वेळी माझ्या ठिपक्यांतले जीवाणू थेंबांबरोबर रोपांवर उडतात. त्या चिमुकल्यांना कॅल्शियम मिळून दोनच दिवस झाले आहेत. पानांपर्यंत पोचले असेल का? मला कळत नाही, कोणाला विचारताही येत नाही.

मित्रांनो, तुम्ही तरी त्यांना सांगा. काळजी वेळेवर घ्यायची असते. वेळ गेल्यावरची माया दुसऱ्याच्या जिवावर उठते. ते पुन्हा झारी भरून येत आहेत. दादा, तुमच्यावर राग नाही हो माझा. पण ती झारी खाली ठेवा, आणि मला मुळासकट उपटा.