दगडाला फुटलेलं रक्त

"रक्त! दगडाला रक्त फुटलं!"

जुन्या पाण्याच्या टाकीसमोर शे-दोनशे माणसं एकमेकांना रेटत होती. टाकीची दगडी भिंत करड्या खपल्यांनी भरलेली, आणि तिच्यापुढे पाषाणबाबा. एका हातात चिनी मातीचं भांडं, दुसऱ्यात लाकडी काडी.

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो! पाषाणाला जीभच नाही, तो खोटं कसं बोलेल?" बाबा गरजला. जीभ नसलेल्याच्या वतीनं तो स्वतः मात्र तासभर अखंड बोलत होता.

भिंतीशी प्रसूतिगृहातली नर्स उभी होती. तिनं सांभाळलेलं एक बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं. बाळाची आजी म्हणाली, नर्सनंच काहीतरी केलं. बाबानं आधी आईच्या नावानं भिंतीवर थेंब टाकला, मग डॉक्टरच्या. दगड करडाच राहिला. नर्सच्या नावानं टाकला आणि लाल डाग उमटला. कोणीतरी तिच्या अंगावर चप्पल भिरकावली.

तेवढ्यात नर्सची धाकटी बहीण गर्दीतून वाट काढत पुढे आली. ती कॉलेजच्या वनस्पती संग्रहालयात काम करायची. बावीस वर्षं दगडावरच्या खपल्या ओळखून त्यांवर चिठ्ठ्या लावत होती, म्हणून सगळे तिला खपलीबाई म्हणत. निरोप मिळताच कामावरून तशीच निघाली होती. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

"ताई, इकडे ये. माझ्यामागे उभी राहा." मग ती बाबाकडे वळली. "पुन्हा एकदा टाका थेंब. याच जागी, ताईच्याच नावानं."

"पाषाण एकदाच बोलतो!" म्हणत बाबानं शेजारी थेंब टाकला. गर्दी लाल रंगाची वाट बघत होती. खपलीबाईनं त्याआधीचा पिवळा पाहिला. आधी पिवळा, मग लाल. हे ती रोज टेबलावर बघायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या भांड्यात बोट बुडवा बघू, बाबा."

"पवित्र जल आहे ते!"

"म्हणूनच काडी वापरता का?"

बाबा एक पाऊल मागे सरला. खपलीबाईनं पिशवीतून कॉलेजची छोटी बाटली काढली आणि बाळाच्या आजीसमोर उभी राहिली.

"आजी, आता तुमच्या नावानं टाकते."

"टाक की! मी कोणाला भिते?"

लाल डागाशेजारच्या खपलीवर थेंब पडला. पिवळा झाला. लालभडक झाला.

सगळ्या नजरा आजीकडे वळल्या. म्हातारीनं खपलीबाईचा हात धरला. "मी... मी माझ्या नातवाला मारलं म्हणतेस?"

"नाही, आजी. दगडाला काही कळत नाही, एवढंच म्हणते. दोनशे माणसं तुमच्याकडे बघताहेत ना आत्ता? ताई सकाळपासून हेच सोसतेय."

मग ती भिंतीकडे वळली. "मसाल्यातलं दगडफूल माहीत आहे ना? या खपल्या त्याच्याच जातकुळीतल्या, फक्त दगडाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या. इथे एकाच वंशाच्या दोन जाती आहेत. दोन्ही करड्या, दोन्ही भेगाळलेल्या. नुसत्या डोळ्यांनी मीसुद्धा चुकते. म्हणून आम्ही अल्कलीचा थेंब टाकतो. एकीत एक आम्ल असतं, ती लाल होते. दुसरीत नसतं, ती होत नाही. आम्ही यावरून जात ठरवतो, हा गुन्हेगार ठरवतो! आणि याच्या भांड्यात तुंबलेली मोरी साफ करायचा, बोट भाजणारा सोडा आहे, तीही अल्कलीच. जागा कोण निवडत होतं, आठवा."

सगळ्यांना आठवलं. बाबा.

तो टाकीच्या मागच्या बाजूनं सटकू लागला, पण त्याला धरायला फार लांब जावं लागलं नाही.

"मग बाळ गेलं कशानं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"जन्मतःच हृदयात दोष होता," नर्स पहिल्यांदाच बोलली. "डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. कोणी ऐकून घेतलं नाही."

आजी खालीच बसली. चप्पल भिरकावणारा माणूस हात जोडून पुढे आला. नर्सनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "माफी नको मला," ती म्हणाली, "उद्या तुझी बायको बाळंतीण होऊन येईल, तेव्हा तिच्याजवळ मीच असेन. तेव्हा लाज वाटू दे."

चमत्कार दाखवणाऱ्याशी वाद घालायची गरज नसते. त्याला एवढंच सांगावं: जागा आम्ही निवडू, हात आमचा असेल, आता पुन्हा करून दाखव. आणि हे एखाद्या बाईला भिंतीशी उभं करण्याच्या आधी सांगावं.